शेवाळी डबीचा रंग

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव फार जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आता वय झालं, खोटं कशाला बोलू?

मी एक जुनं शेडकार्ड आहे. शेडकार्ड म्हणजे रंगांच्या नमुन्यांचा जुडगा. वीतभर लांबीच्या जाड कागदी पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर रंगाची सात घरं, प्रत्येक घराखाली त्याचा नंबर, आणि एका टोकाला सगळ्यांना धरून ठेवणारा पितळी स्क्रू. उघडलं की मी पंख्यासारखा पसरतो. छापखान्यात रंग सांगायचा असला की माझ्यातलं घर बघायचं आणि नंबर कळवायचा. मग छापखाना जवळचा असो की लांबचा, शाई त्याच रंगाची मिसळली जाते. म्हणून माझा रंग खरा असणं, हेच माझं सगळं काम.

माझा जन्म शाईच्या कारखान्यात झाला. तिथे रंग तपासणारे एक जाडजूड गृहस्थ होते. ते जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला अर्धा तास कामाला हात लावत नसत. बाहेरच्या उजेडातून आलं की डोळे फसवतात, असं म्हणायचे. त्यांनी माझी एकेक पट्टी डोळ्यांजवळ धरून पास केली. दोन पट्ट्या नापास झाल्या, त्या फाडून पुन्हा छापल्या. बघा, किती निवडून-पाखडून घडवलं होतं मला! डोक्यात हवा जायला एवढं पुरेसं होतं.

मला विकत घेतलं भिंगरीच्या मामांनी. मामा एका लहानशा छापखान्यात शाई मिसळायचं काम करत. भिंगरी त्यांची भाची. एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं. तिची आई कामावरून उशिरा यायची, त्यामुळे शाळा सुटली की ही पोरगी दप्तर घेऊन थेट मामांच्या छापखान्यात. तिला गप्प बसवायला मामांनी माझा एक खेळ काढला होता. ते काहीतरी दाखवायचे आणि तिने माझ्यात त्याचा नंबर शोधायचा. भिंतीचा नंबर काय? मामांच्या शर्टाचा? चहाच्या सांडलेल्या डागाचा? एकदा ती पडली आणि गुडघा काळानिळा झाला. पुढचे आठ दिवस ती रोज मला गुडघ्याला लावून नंबर पाटीवर लिहीत होती. निळ्यापासून सुरू होऊन तो गुडघा चक्क पिवळ्यावर आला. मामा ती पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

ते दिवस माझे होते, मित्रांनो. माझ्याशिवाय त्या दोघांचं पान हलत नव्हतं.

बारावी झाल्यावर भिंगरीने जाहीर केलं, "मी ग्राफिक डिझायनर होणार."

"म्हणजे नक्की काय करणार?" आईने विचारलं.

"हे बघ आई, दुकानात साबणाच्या वीस वड्या मांडलेल्या असतात. त्यातली एकच तू का उचलतेस, ते मी ठरवणार."

"मी स्वस्त असेल ती उचलते," आई म्हणाली.

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तोवर त्यांचा छापखाना बंद झाला होता आणि ते बहिणीकडेच राहायला आले होते. हसू आवरल्यावर ते आत गेले, मला घेऊन आले आणि भिंगरीच्या हातात ठेवलं. "घे. माझ्याकडे याच्याहून भारी काही नाही," म्हणाले. तिने मला छातीशी धरलं. मला वाटलं, आता जन्माची सोय झाली.

कसली सोय! वर्षभरात घरात सवत आली.

सवत म्हणजे लॅपटॉप. कॉलेजच्या कामाला लागतो म्हणून आईने घेऊन दिला. काय त्या मेल्याचे लाड! त्याला वेगळी पिशवी, त्याची काच पुसायला वेगळं मऊ फडकं. मला तिने कधी फडकं लावलं होतं? शर्टाच्या बाहीने पुसायची. भिंगरी तासन् तास त्याच्यापुढे बसायची. त्याचे रंग म्हणाल तर एकेकाची किंमत शून्य. आज एक दिसणार, उजेड कमी-जास्त केला की दुसरं. शेजारच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तिसरंच. मी कारखान्यातून पास होऊन आलो होतो हो! आणि ही माझी लाडकी त्याच्या उजळ तोंडाला भुलली होती.

जळणारा मी एकटा नव्हतो. मामांचंही तेच होतं. ती लॅपटॉप उघडायची की मामा उठून रेडिओ मोठा करायचे. "डोळे जातील हो तुझे," म्हणायचे, आणि तिने कौतुकाने काही दाखवायला बोलावलं की, "मला नाही कळत त्यातलं," म्हणून पेपरात तोंड घालायचे. मामांचा पेपर उलटा आहे, हे मी दोनदा पाहिलं आहे.

भिंगरीचं टेबल खिडकीशी होतं. उन्हात लॅपटॉपवर काही दिसत नाही, म्हणून त्याची जागा आतल्या बाजूला. मी खिडकीकडे, हिरव्या पट्ट्यांवर उघडा. तिला हिरवे रंग फार आवडायचे, ते समोर असावेत म्हणून मला तसाच पसरून ठेवायची. सुरुवातीला मीही खूश होतो. सकाळचं ऊन अंगावर घेत पडायचं आणि त्याच्याकडे तिरप्या नजरेने बघायचं. पाहा, म्हटलं, मला खिडकीतली जागा आहे.

असे तीन उन्हाळे गेले. कागदावरच्या शाईला ऊन काय करतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. एका दिवसात काही दिसत नाही. एका महिन्यातही नाही. पण मला माझ्या अंगात कळत होतं. माझे हिरवे रंग मंदावत चालले होते. वरची पट्टी जिथे खालच्या पट्टीला झाकायची, तिथे खाली मूळचा ताजा हिरवा तसाच राहिला होता आणि उघडा भाग निस्तेज, मळकट झाला होता. मध्ये एक पुसटशी रेघ दिसू लागली होती. एकदा भिंगरीचं त्या रेघेकडे लक्ष गेलं. धूळ असेल समजून तिने बाहीने पुसली आणि मला पुन्हा होतं तिथे ठेवलं. रोज बघणाऱ्याला उडालेला रंग दिसत नाही.

कॉलेज संपलं आणि तिला एका डिझाइनच्या ऑफिसात काम मिळालं. मला आणि लॅपटॉपला पिशवीत घालून ती रोज तिथे न्यायची. दोन खोल्या, सहा टेबलं, भिंतीला खोक्यांचे आणि बाटल्यांचे नमुने. ऑफिस एका मॅडमचं होतं. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्याने खुर्ची सावरून बसावं अशा. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंगरीला दोन गोष्टी सांगितल्या. "तीन महिने बघू. काम जमलं तर कायम करू. आणि रंग स्क्रीनवर ठरवायचा नाही. कार्डावर ठरवायचा."

अरे वा! मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. लॅपटॉपचं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण तो बंद होता.

माझा आनंद फार टिकला नाही. मॅडमच्या कपाटात एक नवं कोरं शेडकार्ड होतं. काळ्या पेटीत, कपाटाच्या अंधारात, महाराणीसारखं. काम झालं की लगेच पेटीत जायचं. दर दोन वर्षांनी मॅडम जुनं बाजूला काढून नवं आणत. एकदा ते कुणीतरी टेबलावर उघडलं आणि मी माझ्या जागेवरून त्याचे हिरवे रंग पाहिले. असे माझेही होते एके काळी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. लॅपटॉपवर मी जळत होतो, ते तरी परक्यावरचं होतं. इथे माझ्याच जातीचं, माझ्याच नंबरांचं, माझ्याहून तरुण कुणीतरी बसलं होतं. एक दिवस भिंगरीचा हात त्याच्याकडे जाणार, या विचाराने मला चैन पडेना.

अकराव्या आठवड्यात एक आजोबा आले. गुडघेदुखीचं मलम तयार करणारे. चाळीस वर्षं त्यांचं मलम एकाच शेवाळी रंगाच्या खोक्यात विकलं जात होतं. आता त्यांना नवं खोकं हवं होतं. अक्षरं मोठी, उघडायला सोपं. "बाकी काय ते करा," म्हणाले, "पण पोरी, रंगाला हात लावायचा नाही. माझी गिऱ्हाइकं चष्मा घरी विसरून येतात. त्यांना नाव वाचता येत नाही. ती शेवाळी डबी द्या म्हणतात आणि घेऊन जातात." जुनं एक खोकं त्यांनी नमुन्याला ठेवलं.

मॅडमनी ते काम भिंगरीला दिलं. तिने एकटीने करायचं हे पहिलंच काम. यावरच कायम व्हायचं की नाही ते ठरणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमना दोन दिवस बाहेरगावी जायचं होतं. निघताना त्यांनी कपाटाच्या किल्लीला हात घालून विचारलं, "कार्ड काढून ठेवू का तुला?"

"नको मॅडम, माझं आहे," भिंगरी म्हणाली. "मामांचं आहे. त्यावरच शिकले मी."

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते काय सांगू! इतक्या वर्षांची जळजळ एका वाक्यात थंड झाली. बस म्हटलं तिकडे अंधारात, महाराणी. माझी भिंगरी माझ्याचकडे आली.

तिने आजोबांचं खोकं माझ्या पट्ट्यांवरून हळूहळू फिरवलं. बेचाळीसव्या पट्टीच्या चौथ्या घरावर ती थांबली. रंग हुबेहूब जुळत होता. जुळणारच. ते घर मुळात पोपटी होतं. तीन उन्हाळ्यांनी त्याचं तेज काढून घेत घेत त्याला मळकट शेवाळी करून ठेवलं होतं. हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

तिने नंबर लिहून घेतला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी मामांना सांगितलं, "मामा, आज पाच हजार खोक्यांचा रंग ठरवला. ना लॅपटॉप, ना ऑफिसचं नवं कार्ड. तुझ्याच कार्डावरून!" मामांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग नुसतेच हसले. रात्री जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

छापखान्यात मशीन चालवणारे काका शहाणे होते. फोनवर म्हणाले, "ताई, एक कागद आधी काढून दाखवू का?" भिंगरी म्हणाली, "नको काका, उशीर होईल. नंबर पक्का आहे." काकांनी नंबराप्रमाणे शाई मिसळली आणि पाच हजार खोकी छापली. त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

खोकी आली त्या दिवशी मॅडम होत्या, आजोबा होते. भिंगरीने नवा शर्ट घातला होता. तिने गठ्ठ्याचा कागद फाडला आणि तिचा हात तिथेच थांबला. आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "ही पोपटी डबी कुणाची?"

ते टेबलावरचे गठ्ठे एकेक करून चाळायला लागले.

"माझं मलम कुठाय, पोरी?" ते इतक्या साधेपणाने म्हणाले की ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "माझी गिऱ्हाइकं दुकानात येतील आणि संपलं वाटतं म्हणून परत जातील."

मॅडमनी एक खोकं उचललं, माझ्याकडे पाहिलं, मला उचलून खिडकीकडे धरलं आणि टेबलावर ठेवून दिलं. त्यांना सगळं कळलं. "छापखान्याची चूक आहे का?" त्यांनी तरीही विचारलं. तिथे एक पळवाट होती. भिंगरीला हो म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "माझी आहे. कार्ड जुनं आहे हे मला ठाऊक होतं. मी ताडून बघितलं नाही. काका विचारत होते, त्यांनाही नको म्हटलं."

"एक आठवडा," मॅडम म्हणाल्या. "रंग बरोबर करून आण. कायम करायचं की नाही, ते नंतर बघू."

घरी आल्यावर तिने मला मामांच्या पुढ्यात टाकलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी टाकलं होतं. "तुझं कार्ड खोटं निघालं, मामा," ती म्हणाली आणि रडायला लागली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. काय झालं ते भिंगरीने हुंदके देत देत सांगितलं.

मामा ऐकत होते. मग त्यांनी माझी वरची पट्टी बाजूला सारली आणि बेचाळीसव्या पट्टीवरची ती रेघ तिला दाखवली. एका बाजूला मळकट शेवाळी, एका बाजूला ताजा पोपटी.

"ती धूळ होती. मी पुसली होती," भिंगरी म्हणाली.

"धूळ नव्हे ती. उन्हाने उडालंय हे. मी त्याला खिडकीतल्या उन्हात बघत होतो ना, शाईचा माणूस मी."

तिचं रडणं थांबलं. "तुला ठाऊक होतं?"

मामांना मान वर करवेना. "होतं ग. तू आलीस आणि म्हणालीस, तुझ्याच कार्डावरून रंग काढला. इतकं बरं वाटलं. कित्येक दिवसांत माझ्या कशाचा तुला उपयोग झाला नव्हता. सगळं त्या लॅपटॉपचं. म्हटलं, एवढ्या तेवढ्याने काय होतंय. जुळेल. तोंडातून शब्दच फुटला नाही."

"मामा, माझी नोकरी होती रे ती," भिंगरी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली. आई भावाकडे बघत उभी राहिली, मग तीही गेली. मामा आणि मी, आम्ही दोघं टेबलाशी उरलो.

मित्रांनो, इथे मला तुमच्यापाशी एक कबूल करायचं आहे. मी आपला कागदाचा, मी काय बोलणार, असं म्हणून मी सुटू शकतो. पण खरं सांगू का? तिने माझ्या फिक्या घरावर बोट ठेवलं तेव्हा मला वाचा असती, तरी मी गप्पच बसलो असतो. तिचा हात नव्या कार्डाकडे जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. तिचं काय व्हायचं ते होवो.

 मामांनी ड्रॉवरमधून जाड काळं मार्कर काढलं. माझ्या पहिल्या पट्टीवर, जिथे माझं नाव छापलेलं होतं तिथे, ठळक अक्षरांत लिहिलं: "रंग उडाले आहेत. यावरून रंग ठरवू नये." एकही अक्षर त्यांनी पुसट सोडलं नाही. त्यांनी चाळीस वर्षं शाई मिसळली होती आणि मी त्यांचं सगळ्यात भारी काही होतो. खाली त्यांनी तारीख घातली आणि मला भिंगरीच्या दाराशी ठेवलं.

सकाळी तिने ते वाचलं. मामा चहा करत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "आज छापखान्यात चल माझ्याबरोबर," म्हणाली. "मी कार्डावरून नंबर काढीन, पण शाई मिसळताना तुझे डोळे हवेत." मामांनी चहा गॅसवर तसाच सोडला आणि चपला घातल्या. आई मागून ओरडली, "अरे, चहा उतू चाललाय!" पण दोघं जिन्यावर होती.

मॅडमकडून नवं कार्ड तिने स्वतः मागून घेतलं. आम्ही दोघं एकाच पिशवीत गेलो, मी आणि महाराणी. मला त्या प्रवासात किती लाज वाटली ते विचारू नका. खरा रंग त्रेचाळीसव्या पट्टीच्या दुसऱ्या घरात निघाला. आधी एकच कागद छापला. मामांनी तो बाहेर दारात नेऊन पाहिला, आत दिव्याखाली पाहिला, आणि मशीनवाल्या काकांना म्हणाले, "काळी अगदी सुईच्या टोकाएवढी घाला." ती घातली. भिंगरीने नव्या कार्डाशी ताडून पाहिलं. मग मशीन सुरू झालं.

आजोबा आले. त्यांनी चष्मा काढला, चार पावलं मागे गेले. "हं," म्हणाले. "ही माझी." जाताना त्यांनी भिंगरीला मलमाची एक डबी दिली, आणि तिने ती मामांना. मॅडमनी कायम करण्याचं पत्र महिनाभर उशिरा दिलं, पण दिलं. त्यावर सही करताना भिंगरीने चार वेळा वाचलं.

आता मी ऑफिसात असतो. भिंगरी नव्या मुलांना शिकवते तेव्हा मला आणि नव्या कार्डाला शेजारी ठेवते. एकच नंबर उघडते. "ओळखा," म्हणते. मुलं आधी नव्याकडे बघून "वा!" म्हणतात. मग माझ्याकडे बघून हसतात. मला अजूनही झोंबतं, मित्रांनो. रोज झोंबतं. ते गेलं असं मी म्हणणार नाही.

परवा एक नवी मुलगी घाईत होती. तिने समोर दिसलो म्हणून मला उचललं. नंतर मामांचं अक्षर वाचलं, मला खाली ठेवलं आणि कपाटाकडे गेली. तिचं काम बरोबर झालं.

तेव्हा मित्रांनो, शेडकार्ड घेतलंत तर झाकून ठेवा, उन्हापासून जपा आणि वेळेवर नवं घ्या. जुनं टाकायचं नसेल तर नका टाकू, पण त्याच्यावर खरं काय ते लिहून ठेवा. आणि कधी तुमच्यावर माया असलेलं कुणी डोळे मिटून तुमच्याकडे आलं, आणि आपल्यात आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक असलं, तर कितीही जिवावर आलं तरी त्याला तसं सांगा. मी कागदाचा आहे. तुम्हाला तोंड आहे.